नॉर्वे की अलास्का? जहाजावरून उतरल्यावर काय करणार, त्यावरून ठरवा

थंड हवेची क्रूझ करायची असं घरात ठरलं की पुण्यातली मंडळी साधारण दोन नावांवर येऊन थांबतात : नॉर्वेचे फ्योर्ड (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) किंवा अलास्का. मग चर्चा रंगते ती जहाज केवढं, बाल्कनीची खोली घ्यावी का, शाकाहारी जेवण नीट मिळेल का, यावर. या प्रश्नांची उत्तरं दोन्हीकडे जवळपास सारखीच आहेत. खरा फरक पडतो तो जहाज बंदराला लागल्यावर. सात रात्रींच्या क्रूझमध्ये जमिनीवर पाय टेकायला मिळतात ते तीन-चार दिवस, तेही काही तासांपुरते. त्या तासांत तुम्ही पायी भटकणार की बस-बोटीत बसणार, सोबत गुडघे दुखणारे आई-बाबा आहेत की दहा वर्षांचं मूल, यावरच निवड व्हावी असं मला मनापासून वाटतं. बॅगेत काय भरायचं हेही मग तिथूनच ठरतं.

आधी व्हिसा, कारण अनेकांचा निर्णय इथेच होऊन जातो.

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. हॅम्बर्ग, कील किंवा कोपनहेगनहून निघणारी क्रूझ घेतली तर एका शेंगेन व्हिसावर सगळं भागतं. तशीच क्रूझ साउदॅम्प्टनहून घेतली की ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून साउदॅम्प्टन निवडताना दुसऱ्या व्हिसाची फी आणि दुसऱ्या अपॉइंटमेंटची धावपळ हिशेबात धरा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

अलास्काला अमेरिकेचा व्हिसा तर हवाच, पण कॅनडाचाही लागतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. व्हँकुव्हरहून निघालात तर ते उघडच आहे. पण सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणाऱ्या जहाजालाही वाटेत एक परदेशी बंदर घ्यावं लागतं, कारण 1886 चा एक अमेरिकी कायदा परदेशी नोंदणीच्या जहाजांना नुसत्या अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवू देत नाही. म्हणून जहाज बहुधा संध्याकाळी काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं, आणि तेवढ्यासाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो. मुलगा-सून एच-वन-बीवर असतील तर त्यांनाही तो लागतो. ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही.

असं असलं तरी ज्यांची लेक किंवा मुलगा सिॲटलला किंवा बे एरियात आहे आणि दहा वर्षांचा अमेरिकी व्हिसा हातात आहे, अशा पुण्यातल्या आई-वडिलांसाठी अलास्काच सोयीचं. विमानप्रवास तसाही होणारच असतो. पुण्याहून थेट क्रूझसाठीच निघणार असाल तर नॉर्वे जवळ पडतं. उन्हाळ्यात नॉर्वेचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, अलास्काचं साडेतेरा तास. सत्तरीतल्या माणसाला हा फरक पहिले तीन-चार दिवस चांगलाच जाणवतो, आणि क्रूझ असते जेमतेम सात दिवसांची.

आता थंडीबद्दल. आपल्याकडे थंडी म्हटलं की मनालीचा बर्फ डोळ्यांसमोर येतो आणि जाडजूड फुगीर जॅकेट विकत घेतलं जातं. जून-जुलैत नॉर्वेतल्या बर्गनला काय किंवा अलास्कातल्या जुनोला काय, दुपारी पंधरा-अठरा अंश असतात; पुण्यातली डिसेंबरची पहाट याहून गार असते. त्रास होतो तो पावसाचा आणि वाऱ्याचा. पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलीमीटर पाऊस पडतो. बर्गनला सव्वादोन हजारांच्या वर, अलास्कातल्या केचिकनला साडेतीन हजारांच्या वर. महाबळेश्वरला याहूनही जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. तिकडे तो वर्षभर झिमझिमत राहतो, आणि भिजलेल्या अंगाला पंधरा अंशसुद्धा बोचतात.

म्हणून पैसे घालायचे ते टोपीवाल्या चांगल्या रेनकोटवर आणि पाणी आत न घेणाऱ्या बुटांवर. रेनकोट आणला की घरीच परीक्षा घ्या. आत फिक्या रंगाचा सुती शर्ट घालून बाथरूममध्ये शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा, मग शर्टाचे खांदे आणि चेनखालचा पट्टा बघा. पाणी शिरतं ते नेहमी शिवणीतून आणि चेनमधून. तिथे ओल दिसली तर तो कोट पुण्यात स्कूटरवर चालेल, बर्गनच्या धक्क्यावर चालणार नाही. बूट महिनाभर आधी घ्या आणि पर्वती, तळजाई किंवा सिंहगडावर वापरून रुळवा. जुलैत सिंहगडावर वारा-पाऊस एकदम झोंबतो, तिथे जे टिकलं ते तिकडेही टिकतं. छत्री दोन्हीकडे घरीच ठेवावी, वाऱ्यात ती उलटतेच.

आत घालायला पातळ थर्मल, त्यावर फ्लीस किंवा साधा लोकरी स्वेटर, सर्वांत वर तो रेनकोट. थर्मल लक्ष्मी रोडवर मिळतात, फ्लीस आणि पावसाळी पँट डेकॅथलॉनमध्ये. लोकरी टोप्या-मोजे घ्यायचे असतील तर पुण्यात हिवाळ्यात तिबेटी लोकांचे स्टॉल लागतात तेव्हाच घेऊन ठेवा, मे महिन्यात ते सापडणार नाहीत. जीन्स नेऊ नका, एकदा भिजली की खोलीत दोन दिवस वाळत नाही. ज्यांना साडी किंवा सलवार-कुडत्यातच बरं वाटतं त्यांनी ते जहाजावर खुशाल वापरावं. खाली उतरताना मात्र सलवारीखाली थर्मल आणि वर पावसाळी पँट चढवावी, सँडल नको.

इथपर्यंत दोन्ही बॅगा सारख्या. अलास्कासाठी आणखी दोन वस्तू हव्यातच : बरी दुर्बीण आणि फोन हाताळता येईल असे पातळ हातमोजे. ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्या जिथे समुद्राला भिडतात ती खाडी, ज्या क्रूझमध्ये असतो, तिथे जहाज बंदराला लागतच नाही. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर येतात, माहिती देतात आणि तुम्ही दिवसभर डेकवर उभे असता. बर्फावरून येणारा वारा थेट तोंडावर बसतो, म्हणून सगळ्यात जास्त कपडे त्या दिवशी लागतात. हिमकड्याचा तुकडा सुटून पाण्यात कोसळताना आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. ते बघायचं असेल तर कठड्यापाशी तग धरावी लागते, आणि त्यासाठी हात-कान गरम असावे लागतात. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना तिथे परवानगी मिळते, म्हणजे अलास्काच्या प्रत्येक क्रूझमध्ये ग्लेशियर बे नसतो. बुकिंगआधी मार्गात ते नाव वाचून घ्या. माझ्या लेखी अलास्काला जायचं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

नॉर्वेचं बलस्थान वेगळं. तिथे बहुतेक बंदरांत उतरलं की चालत सुटता येतं. बर्गनला 1979 पासून जागतिक वारशात असलेली ब्रिग्गेनची लाकडी घरं, मासळीबाजार आणि 1918 पासून चालणारी फ्लोयबानेन रेल्वे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. ती रेल्वे काही मिनिटांत 320 मीटरवर नेऊन सोडते. ओलेसुंद 1904 च्या आगीत जळालं आणि पुढच्या काही वर्षांत एकाच शैलीत पुन्हा उभं राहिलं. धक्क्यावरून उतरलं की तेच शहर समोर. गुडघे बरे असतील तर अक्सला टेकडीच्या 418 पायऱ्या चढा, नसतील तर वर गाडीही जाते. गाइरांगरला मात्र बऱ्याचदा जहाज फ्योर्डात उभं राहतं आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. कुणाला त्या हलत्या बोटीत पाय टाकायची भीती वाटत असेल तर हे आधी विचारून घ्यावं.

अलास्कात पायी इतकं जमत नाही. केचिकनची क्रीक स्ट्रीट धक्क्याजवळ आहे, स्कॅगवेचा मुख्य रस्ताही. पण जुनोचा मेंडेनहॉल ग्लेशियर गावापासून वीसेक किलोमीटरवर, आणि व्हेल बघायच्या बोटी गावाबाहेरच्या ऑक बे इथून सुटतात. व्हेलच्या सहलीला माणशी दीडशे-दोनशे डॉलर सहज जातात, हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचं तर त्याहून बरेच जास्त, आणि धुकं आलं की ते उड्डाण रद्द. चौघांच्या कुटुंबाचा हा खर्च क्रूझच्या तिकिटाशेजारी लिहून बघा, मगच अलास्काची खरी किंमत कळते. वर गाइड आणि ड्रायव्हरला टिपही द्यावी लागते. नॉर्वेत टिपेची सक्ती नाही, पण कॉफी-सँडविचचं बिल बघून दचकायला होतं. सकाळी जहाजावर पोटभर खाऊन उतरावं. नळाचं पाणी चांगलं असतं, बाटली भरून घ्यावी.

रेल्वेची आवड असणाऱ्यांची खरी पंचाईत आहे, कारण डोंगर चढणाऱ्या दोन अप्रतिम गाड्या दोन्हीकडे वाटून गेल्या आहेत. नॉर्वेतल्या फ्लोमची गाडी समुद्रसपाटीपासून निघून 20 किलोमीटरमध्ये 867 मीटरवर मीर्दालला पोचते. आपला खंडाळ्याचा घाट चढाला 37 ला 1 आहे (37 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर) आणि तिथे गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर लावतात. फ्लोमचा चढ 18 ला 1 आहे आणि ती गाडी साध्या रुळांवरून चढते. वाटेत खोसफोसेन धबधब्यापाशी थांबते, तुषार थेट अंगावर येतात. स्कॅगवेची व्हाइट पास गाडी नॅरोगेज, 1898 ते 1900 या काळात कॅनडातल्या क्लोंडाइकला सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा बांधलेली, साधारण 32 किलोमीटरमध्ये 870 मीटरच्या आसपास चढते. दोन्ही स्थानकं धक्क्याजवळ आहेत, ज्येष्ठांनाही दोन्ही झेपतात. निसर्गात मला फ्लोम उजवी वाटते, इतिहासात व्हाइट पास. तिकीट दोन्हीकडे महिनोन् महिने आधी काढा. मोठं जहाज लागलं की त्या दिवशीची तिकिटं संपलेली असतात.

सहल जहाजाकडून घ्यावी की स्वतः ठरवावी? नॉर्वेत मी बिनदिक्कत स्वतः ठरवा म्हणेन. अलास्कात जरा जपून. जहाजाने विकलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, निदान पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी त्यांची असते. स्वतःच्या सहलीला ही हमी नाही. बर्गन किंवा फ्लोमला चुकामूक झाली तर बस, रेल्वे, बोट काहीतरी मिळतं. जुनोला बाहेरून येणारा रस्ताच नाही, विमान किंवा फेरी एवढंच. स्कॅगवेहून रस्ता आहे, पण तो कॅनडात जातो. कुठेही असलात तरी मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा, कारण फोन आपोआप स्थानिक वेळ धरतो आणि जहाजाची वेळ वेगळी असू शकते.

बोट लागण्याची धास्ती असेल तर मार्ग नीट बघा. फ्योर्ड शांत असतात, पण हॅम्बर्ग किंवा साउदॅम्प्टनहून नॉर्वेला जाताना उत्तर समुद्र पार करावा लागतो. व्हँकुव्हरची जहाजं बेटांच्या आडोशाने जातात, सिॲटलची बरीचशी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून. आईला गाडी लागत असेल तर व्हँकुव्हर.

महिन्याचं गणितही बघून घ्या. शाळेच्या सुट्टीमुळे मे सोयीचा, आणि दोन्हीकडे तो चांगलाच असतो : अलास्काच्या या पट्ट्यात वसंतातले महिने त्यातल्या त्यात कोरडे, तर नॉर्वेत बर्फ वितळून धबधबे भरलेले. गाइरांगरवरच्या 1,500 मीटर उंच दाल्सनिब्बाचा रस्ता मात्र बर्फ हटवल्यावरच उघडतो, तो मेच्या सुरुवातीला बंद असू शकतो. अस्वलं नदीवर सामन मासे पकडताना बघायची असतील तर जुलै-ऑगस्ट. सप्टेंबरचं स्वस्त तिकीट अलास्कासाठी घेऊ नका, पावसाचा जोर तेव्हाच वाढतो.

खाऊच्या डब्याकडे शेवटी लक्ष द्या, कारण तो विमानतळावर अडवला जातो. पेढे, बर्फी, तूप असले दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, नॉर्वेतही नाहीत. हापूस अमेरिकेत नेता येत नाही, मुलांना कितीही आवडत असला तरी. बंद पाकिटातली भाकरवडी, चिवडा, खाकरा चालतो. बऱ्याच जहाजांवर किटली आणि इस्त्री काढून घेतात, म्हणून गरम पाणी घालून होणाऱ्या उपम्याच्या पाकिटांसाठी खोलीत पाणी मागवावं. आणि औषधं, थर्मलचा एक जोड व रेनकोट हे हातातल्या बॅगेतच ठेवा. विमानात मोठी बॅग मागे राहिली तरी पहिल्या बंदरावर उतरता येईल.