गच्चीवरचा सोलर ब्रश: घ्या, पण वॉशर जास्तीचे मागा

मानकापुरात गच्चीवर आमचं तीन किलोवॉटचं सोलर आहे. मे महिन्यात पॅनेलवर बोट फिरवलं की बोट राखाडी! म्हणून इतवारीतून हा लांब दांड्याचा, पाणी सोडणारा ब्रश आणला. केस मऊ आहेत, ओरखडे पडत नाहीत. पहाटे काच गार असताना धुतलं तर डागही राहत नाहीत. दिवसाचे साडेनऊ युनिट बारावर गेले.

जोड मात्र गळका. पंधरा दिवसांत पाणी थेट माझ्या बाहीत. दुकानदार म्हणे, "टेफ्लॉन टेप लावा नं काका."

मी फिजिक्सचा निवृत्त मास्तर, घासताना मंगळावरचं नासाचं इनसाइट यान आठवतंच. त्याच्याकडे ना ब्रश, ना पाणी. 2021 मध्ये यांत्रिक हातानं पॅनेलशेजारी वाळू ओतली. वाऱ्यानं उडालेल्या कणांनी थोडी धूळ झटकली, दिवसाला तीसेक वॉट-तास जास्त मिळाले. डिसेंबर 2022 मध्ये धुळीनंच त्याची वीज संपवली. चंद्रावर तर वाराही नाही आणि कण काचेसारखे धारदार, विद्युतभारानं चिकटणारे. तिथे हा ब्रश ओरखडेच पाडेल. म्हणून नासानं 2025 मध्ये विद्युतक्षेत्रानं धूळ ढकलून पाहिली.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण बाहीचा कापला, एक त्या टेपच्या सल्ल्याचा.