बंडू कोच, एक डबा आणि सत्तर डॉलर: कॉलेज फुटबॉल २५ चा जरा उशिराच लिहिलेला रिव्ह्यू

पहिलंच सांगून टाकतो, हा हेल्मेटवाला फुटबॉल आहे, मेस्सीवाला नाही. आणि हा अख्ख्या गेमचा रिव्ह्यू पण नाहीये, ग्राफिक्स कसेत, ऑनलाइन कसं चालतं यावर लोकांनी ढीगभर लिहून ठेवलंय. मी बोलणारे ते फक्त डायनॅस्टी मोडमधल्या (सिझनमागून सिझन एक कॉलेज टीम चालवायची तो मोड) एका कोपऱ्याबद्दल, जिथे हेड कोच न होता डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे समोरच्याला रोखणाऱ्या पोरांचा मुख्य कोच, होता येतं. सव्वा वर्ष झालं, मी दुसरं काही खेळलोच नाही. बायको म्हणते त्या बंडूचं प्रमोशन होईल, तुझं काही खरं नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५ आला १९ जुलै २०२४ ला, पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर, कॉम्प्युटरवर नाही, आणि तेव्हा किंमत होती ७० डॉलर. याच्या आधीचा कॉलेजवाला गेम २०१३ चा, म्हणजे मध्ये अकरा वर्षं काहीच नाही, कारण एड ओ'बॅनन नावाच्या माजी कॉलेज बास्केटबॉल खेळाडूने केस टाकली होती की आमचे चेहरे वापरून तुम्ही पैसे कमावता आणि आम्हाला छदाम देत नाही, जे अगदी बरोबरच होतं. या वेळी जे खेळाडू तयार झाले त्यांना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक कॉपी दिली, आणि वरच्या लेव्हलच्या सगळ्या १३४ टीम आत आल्या. खेळाडू खरे पण कोच मात्र खोटे, एकाही खऱ्या कोचचं नाव २५ मध्ये नाही, ते पुढच्या वर्षीच्या गेममध्ये, २६ मध्ये आले. मला त्याचा फायदाच झाला, का ते सांगतो.

कोच आपणच बनवायचा असतो. चेहरा, कपडे, कुठल्या भागातून पोरं आणणार ती पाइपलाइन, प्लेबुक (डावपेचांची वही), आणि मग स्वभाव: रिक्रूटर, मोटिव्हेटर की टॅक्टिशियन. मी टॅक्टिशियन घेतला, टीम घेतली व्हर्जिनिया टेक आणि नाव ठेवलं बंडू. कारण खरा माणूस बड, बड फॉस्टर. बडचा बंडू. रात्री दोन वाजता हा विनोद फार भारी वाटला होता.

तर हा बड फॉस्टर कोण, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी २०१७ ला मास्टर्सला ब्लॅक्सबर्गला आलो तेव्हा मलाही माहीत नव्हतं. व्हर्जिनियातलं डोंगरातलं छोटं गाव, युनिव्हर्सिटी काढली तर गाव उरतच नाही, आणि शनिवारी लेन स्टेडियमच्या दिशेने सगळं गाव मरून आणि नारंगी कपड्यात चाललेलं. आमच्या लॅबमधला एक जण म्हणाला हेड कोचकडे बघू नकोस, डिफेन्सवाला बघ, तो १९८७ पासून इथे आहे. फ्रँक बीमर नावाच्या हेड कोचबरोबर मरी स्टेटहून आला, आधी लाइनबॅकर (डिफेन्सची दुसरी फळी) सांभाळले, १९९५ ला डिफेन्स हातात आलं आणि २०१९ ला रिटायर होईपर्यंत तिथेच. पंचवीस सिझन! बीमर स्वतः २०१५ ला रिटायर झाला, नवा हेड कोच आला, त्यानेही याला हलवलं नाही.

आणि त्याचा डबा. हो, डबाच, खाणीतले कामगार न्यायचे तसला पत्र्याचा, पोचे पडलेला, रंग उडालेला जेवणाचा डबा. डिफेन्सची पोरं तो मॅचला घेऊन यायची, म्हणजे आम्ही इथे कामाला आलोय, मिरवायला नाही. टेकच्या डिफेन्सला लंच पेल डिफेन्स म्हणतात ते त्याच्यावरून. २००७ ला कॅम्पसवर जो गोळीबार झाला त्यात गेलेल्या ३२ जणांची नावं नंतर त्या डब्यात ठेवली होती. त्या ३२ मध्ये आपल्या मुंबईची एक मुलगीही होती. ड्रिलफील्डवर (कॅम्पसच्या मधलं मैदान) त्यांचे दगड आहेत, तिथून जाताना अजूनही आवाज आपोआप खाली येतो.

२३ नोव्हेंबर २०१९, फॉस्टरची शेवटची होम गेम, समोर पिट्सबर्ग. मला लॉटरीत तिकीट लागलं होतं. हात खिशातून काढवत नव्हते इतकी थंडी आणि आपल्याला फुटबॉल तसा निम्माच कळतो, पण स्कोअर कळत होता: २८-०. आदल्याच आठवड्यात जॉर्जिया टेकला ४५-०. म्हणजे पोरांनी म्हाताऱ्याला निरोप देताना समोरच्याला एक पॉइंट करू दिला नाही. (पुढच्याच आठवड्यात व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून ३९-३० हरले, त्यांच्याशी पंधरा वर्षं सलग जिंकत होते ते तिथे संपलं. असो. डिफेन्सवाल्याचं नशीब असंच असतं.)

आता गेम. डिफेन्स खेळायची मजा या गेममध्ये खरंच आहे, हे मान्य करायला पाहिजे. बहुतेक लोक ऑफेन्ससाठीच घेतात, डिफेन्सला बटण दाबून वाट बघतात. पण बंडू म्हणून बसलात की डोकं वेगळं चालतं. थर्ड डाऊन (चार प्रयत्नांतला तिसरा), सात यार्ड पाहिजेत, समोरचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, ऑफेन्सचा म्होरक्या) नवखा, स्टेडियमच्या आवाजाने त्याची स्क्रीन थरथरतीये, त्याच्या प्लेच्या रेषा वाकड्यातिकड्या होतायत (हे घरच्या मैदानाचं फीचर जबरी केलंय), आणि तुमच्या हातात बेअर फ्रंट आहे.

बेअर म्हणजे काय तर समोरच्या लाइनमधल्या सेंटरवर आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या गार्डवर आपली एकेक माणसं थेट उभी करायची, म्हणजे कोणालाच जोडीने ब्लॉक करता येत नाही, प्रत्येकाची एकास एक कुस्ती. १९८५ च्या शिकागो बेअर्सनी गाजवलेली ही आयडिया. तोटा असा की मागे जवळपास कोणी उरत नाही, एक लांब पास बरोबर बसला की खेळ खल्लास. फॉस्टरने हेच ६ सप्टेंबर २०१४ ला कोलंबसमध्ये केलं, ओहायो स्टेटच्या घरी, एक लाखाच्या वर पब्लिक, समोर जे. टी. बॅरेट ज्याची ती दुसरीच मॅच, कारण मेन क्वार्टरबॅक खांद्याच्या दुखापतीने बाहेर. फॉस्टर म्हणाला धावू तर देणार नाही, टाकायचा तर टाक. सात सॅक (क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं), तीन इंटरसेप्शन (त्याचा पास मधेच पकडणं), टेक जिंकली ३५-२१. आणि गंमत म्हणजे ओहायो स्टेट त्या सिझनला नॅशनल चॅम्पियन झाली, अख्ख्या वर्षात हरले ते फक्त या मॅचला.

मी गेममध्ये हे करून बघितलं. पहिल्या चार वेळा माझ्या डोक्यावरून लांब पास गेले आणि मी कंट्रोलर सोफ्यावर आपटला. सांगलीहून बाबा आले होते, ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "अरे, कोपऱ्यातला गडी घाई करतोय. साखळी आधी तुटली की रेडर सुटणारच ना." आयुष्यभर कबड्डी खेळलेला माणूस, फुटबॉलचा एक नियम माहीत नाही. पाचव्या वेळी मी कॉर्नरबॅकला (कडेला पास अडवणारा) थोडा मागे घेतला, मधल्या लाइनबॅकरला स्वतः धरलं, स्नॅपनंतर (बॉल मागे देऊन प्ले सुरू झाला की) एक क्षण थांबून मग आत घुसवला, सॅक. बाबा "हां" म्हणाले आणि परत पेपर उघडला.

इथपर्यंत पैसे वसूल. पण करिअर म्हणून जे विकलंय त्यात माझी तक्रार आहे, आणि ती अशी की गेम शिडी दाखवतो पण वरच्या दोन पायऱ्यांचीच. कोऑर्डिनेटर नाहीतर हेड कोच, बस. पोझिशन कोच नाही, आणि जीए तर नाहीच नाही.

जीए म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट. आम्ही पण जीए होतो! आठवड्याला २० तास, ट्यूशन माफ, हातात महिन्याचं भाडं आणि तांदूळ येईल एवढे पैसे. कोचिंगमधला जीए सेम, कागदावर मास्टर्स करतो आणि प्रत्यक्षात रात्रभर व्हिडिओ कापत बसतो, समोरच्या टीमच्या प्ले कार्डांवर काढून देतो. मोठे मोठे लोक तिथूनच आलेत. निक सेबन १९७३ ला केंट स्टेटला जीए, मग सिराक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरला, बहुतेक वेळा डिफेन्सच्या मागच्या पोरांना शिकवत, आणि २०२४ च्या जानेवारीत रिटायर झाला तेव्हा सात चॅम्पियनशिप नावावर. पुढे जॉर्जियाचा हेड कोच झालेला कर्बी स्मार्ट व्हॅल्डोस्टा स्टेटसारख्या छोट्या कॉलेजात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला आणि त्यानंतर परत फ्लोरिडा स्टेटला जीए म्हणून गेला. उलटी उडी!

डॅन लॅनिंगचं तर विचारूच नका. कॅन्सस सिटीकडे हायस्कूलच्या पोरांना शिकवत होता, रात्रभर गाडी हाकत पिट्सबर्गला जाऊन कोचच्या दारात उभा राहिला, २०११ ला तिथे जीए. पुढे सॅम ह्यूस्टन स्टेटला पूर्ण वेळ नोकरी मिळाली, तर २०१५ ला ती सोडून अलाबामाला पुन्हा जीए, का तर सेबनच्या हाताखाली शिकायचं. आता आपल्याकडे एखाद्याने घरी सांगून बघावं की मी परमनंट नोकरी सोडून परत स्टायपेंडवर जातोय! तीन वर्षांनी जॉर्जियाला, २०१९ पासून तिथलं डिफेन्स त्याच्याकडे, २०२१ च्या सिझनला चॅम्पियनशिप, आणि त्या टीमच्या डिफेन्समधले पाच जण एनएफएल ड्राफ्टच्या (प्रो लीगच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात त्याच्या) पहिल्याच राउंडला गेले. त्याला स्वतःला ओरेगॉनने फायनलच्या आधीच हेड कोच म्हणून उचललं होतं, तरी फायनल संपेपर्यंत थांबला.

यातलं बंडूला काय भोगावं लागतं? काहीच नाही. मेन्यूत नाव टाकलं की डायरेक्ट कोऑर्डिनेटर. घर बदलणं नाही, पोराची शाळा नाही, हेड कोचला काढलं की खालचा अख्खा स्टाफ रस्त्यावर येतो ती भीती नाही. जॉब सिक्युरिटीचा एक मीटर आहे, तो हिरव्याचा लाल होतो, तेवढंच.

खऱ्या आयुष्यात ब्रेंट प्राय बघा. १९९५ ते ९७ फॉस्टरच्याच हाताखाली ब्लॅक्सबर्गला जीए, मग लुइझियाना, मेम्फिस, जॉर्जिया सदर्न, व्हँडरबिल्ट, पेन स्टेट, आणि सुरुवातीपासून पंचवीसेक वर्षांनी परत ब्लॅक्सबर्गला, या वेळी हेड कोच म्हणून. गाव खूश, आपलाच माणूस आला. २०२५ ला पहिल्या तिन्ही मॅच हरला आणि १४ सप्टेंबरला काढून टाकलं, सिझन अजून नीट सुरूही झाला नव्हता. आणि त्याच्या जागी आणलं कोणाला, तर जेम्स फ्रँकलिनला, पेन स्टेटला ज्याच्या हाताखाली प्राय डिफेन्स सांभाळायचा त्यालाच. त्यालाही पेन स्टेटने ऑक्टोबरमध्ये घरी पाठवलं होतं. असली स्टोरी गेममध्ये आली असती तर लोक म्हणाले असते बग आहे.

अजून एक. गेमच्या नजरेत कोऑर्डिनेटर म्हणजे हेड कोचची वेटिंग रूम. सिझन संपला की कॅरुसेल (कोचांच्या नोकऱ्यांची अदलाबदल) येतं, ऑफर येतात, तुम्ही वर सरकायचं. नाही म्हणता येतं, पण नाही म्हणणाऱ्यासाठी खास असं काही ठेवलेलं नाही. फॉस्टरला २००६ ला देशातला सर्वोत्तम असिस्टंट कोच म्हणून ब्रॉयल्स अवॉर्ड मिळालं, तरी तो कायम असिस्टंटच राहिला. आयोवाचा फिल पार्कर १९९९ पासून तिथे, २०१२ पासून डिफेन्स त्याच्याकडे, त्याला ब्रॉयल्स मिळालं २०२३ ला. अशी माणसं या गेमला कळतच नाहीत बहुतेक.

तर घ्यायचा का? डिफेन्स आवडत असेल तर बिनधास्त. ७० ला नका घेऊ, जुना झालाय, सेलमध्ये किंवा सेकंडहँड बघा, फक्त डिस्क हातात घेऊन उजेडात धरून बघा, मला पहिली जी एका दुकानात मिळाली तिच्यावर पोळपाटासारखे ओरखडे होते. खऱ्या कोचची नावं पाहिजे असतील तर २६ घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, कापलेल्यातला अर्धा जीए नसल्याचा.

माझा नववा सिझन परवा रात्री संपला. बंडूला तीन ऑफर होत्या, त्यातल्या दोन हेड कोचच्या. तिन्ही नाकारल्या. बायको मागे उभी होती, म्हणाली, "पगार तरी बघ ना किती देतायत."