स्कॅनर घेतलात तर आधी ‘डिले’ चालू करा

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसले. निवृत्तीनंतर कान नुसते रिकामे राहिले, म्हणून हातात मावणारा, 500 चॅनेलचा अ‍ॅनालॉग स्कॅनर घेतला, म्हणजे एकामागून एक चॅनेल तपासत, जिथे बोलणं चालू असेल तिथे थांबणारा रेडिओ. घेतला पोलिसांचा वायरलेस ऐकायला, उगाच दुसरं कारण कशाला सांगू. चार महिने झाले, आता लिहायला हरकत नाही.

आधी कायद्याचं. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकणं हाच गुन्हा आहे. अमेरिकेत घरी बसून ऐकायला साधारणपणे मुभा असते, पण काही राज्यांत तोच स्कॅनर गाडीत ठेवला की अडचण. तेव्हा यंत्र मागवण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा.

पहिले दोन आठवडे मी यंत्राला शिव्या घातल्या. एका रात्री कंट्रोलरूमच्या बाईंनी विचारलं, “आजोबा सापडले का?” आणि स्कॅनर टुणकन उडी मारून रस्ता दुरुस्तीवाल्यांच्या चॅनेलवर. तिथे कुणीतरी डांबराची गाडी कुठे अडकली ते सांगत होता. परत येईपर्यंत उत्तर होऊन गेलेलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दोष यंत्राचा नव्हता, ‘डिले’ मी बंद ठेवला होता. तो चालू केला की बोलणं संपल्यावर स्कॅनर दोन सेकंद तिथेच थांबतो आणि समोरचं उत्तर हाती लागतं. ‘प्रायॉरिटी’ मात्र बंदच बरी. ठरवलेलं चॅनेल तपासायला तो सारखा पळतो आणि दुसऱ्याचं वाक्य मधूनच कापतो.

स्क्वेल्चचं बटण म्हणजे खरखरीवरचं झाकण. खरखर जेमतेम थांबेल इतकंच फिरवा. जास्त फिरवलंत तर दूरचा, क्षीण आवाजही त्याच झाकणाखाली जातो. सोबत आलेली रबरी अँटेना कामापुरती. 155 मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकायचं असेल तर पाव तरंगलांबीची, म्हणजे साधारण 48 सेंटीमीटरची दांडी लावून खिडकीशी बसा. मोबाइलचा चार्जर जवळ असेल तर काढा. माझी निम्मी खरखर त्याचीच निघाली.

आणि त्या कंट्रोलरूमच्या बाई! पत्ता दोनदा सांगतात. आकडा “सत्तेचाळीस” नाही, “चार, सात”. आम्हालाही हेच शिकवलं होतं, कारण तारेवर सदतीस आणि सत्तेचाळीस सारखेच ऐकू येतात. गस्तीवरची पोरं मात्र बटण दाबायच्या आधीच बोलायला लागतात, पहिलं अक्षर गिळलं जातं. माझ्या हाताखाली असती तर ऐकवलं असतं.

आता मुख्य तक्रार. गेल्या महिन्यात एका चॅनेलवर अचानक माशी घोंगावल्यासारखा कर्कश आवाज. नातू म्हणाला, “आजी, तुझं यंत्र बिघडलं गं.” बिघडलं नव्हतं, तिकडे डिजिटल सुरू झालं होतं. अ‍ॅनालॉग स्कॅनरला त्यातलं काही उलगडत नाही. महागडा डिजिटल स्कॅनर साधं डिजिटल उलगडतो, पण एन्क्रिप्शन, म्हणजे बोलण्याला सांकेतिक कुलूप, लावलं असेल तर तोही मुका. तुमच्याकडचे पोलीस कशावर बोलतात ते आधी शोधा, नाहीतर हौसेने आणलेलं खोकं कपाटात जाईल.

माझं गेलं नाही, ते विमानांमुळे. त्यांचं बोलणं 118 ते 137 मेगाहर्ट्झवर, एएम म्हणजे जुन्या मीडियम वेव्ह रेडिओच्या पद्धतीने चालतं. त्यात दोघं एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो, म्हणजे बोलण्याची टक्कर झाल्याचं तिसऱ्यालाही कळतं. वैमानिक प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवतो. परवा एकाने उंची चुकीची म्हटली, कंट्रोलरने शांतपणे, आवाज न चढवता दुरुस्त केली. तो आता बरोबर म्हणतोय का, म्हणून मी कान टवकारून बसले आणि नेमके तेव्हाच दोन्ही सेल संपले.