जेसीबीला लावायचे फोर्क: गाडी उचलायला कोणते चालतात, कोणते नाही

भंगार यार्डात किंवा अपघाताच्या गाड्या ठेवतात तिथे बंद पडलेली गाडी हलवायला बॅकहो लोडरला, म्हणजे आपण ज्याला जेसीबी म्हणतो त्याला, फोर्क लावतात: गाडीखाली घालायचे दोन लांब, L आकाराचे लोखंडी काटे. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक बकेटच्या ओठावर सरकवून बोल्टने आवळायचा, दुसरा बकेट काढून त्या जागी पिनांवर बसणारा, स्वतःची चौकट असलेला. विटा आणि सिमेंटच्या गोण्यांसाठी पहिला ठीक आहे. गाडीसाठी तो घेऊ नका, स्वस्त असला तरी.

कारण सरळ आहे. बकेटचा तळ साधारण पाऊण मीटर पुढे आलेला असतो आणि फोर्क त्याच्याही पुढे सुरू होतो. वजन तेवढं पुढे गेलं की मागची चाकं हलकी होतात. त्यातच बकेटचं स्वतःचं वजनही मशीनलाच पेलावं लागतं. आवळलेला बोल्ट धक्क्याने सैल झाला की एक फोर्क आडवा सरकतो आणि गाडी तिरकी होते.

चौकटीचा फोर्क घेताना दुकानदाराच्या ‘अडीच टन’वर जाऊ नका. फोर्कच्या उभ्या भागावर बाजूला ठोकलेला आकडा वाचा. ‘१२५० × ५००’ असेल तर एक फोर्क टाचेपासून, म्हणजे तो वाकून आडवा होतो तिथपासून, ५०० मिमीवर १२५० किलो पेलतो, म्हणजे जोडी २५०० किलो. पण गाडी बाजूने उचलली की तिचं वजन रुंदीच्या मध्यावर येतं. आल्टोसारखी गाडी दीड मीटर रुंद, म्हणजे ७५० मिमी. अंतर वाढलं तशी ताकद घटते: २५०० × ५०० ÷ ७५०, म्हणजे तिथे जोडीची ताकद १६६७ किलो उरते आणि गाडी साडेसातशेच्या आसपास, म्हणजे आरामात. बोलेरो पावणेदोन मीटर रुंद. थोडी फट धरून ९२० मिमी, ताकद उरली १३५९ किलो आणि गाडी दीड टनाच्या वर. नाही चालणार. हा हिशेब फक्त फोर्कचा झाला. किती अंतरावर किती वजन चालतं हे सांगणाऱ्या मशीनच्या तक्त्यात त्या अंतराला आकडा कमी असेल तर तोच धरायचा.

आकडा ठोकलेलाच नसेल तर तो फोर्क बहुधा जाड पट्टीला वेल्डिंग करून बनवलेला असतो. अशा फोर्कला तडा टाचेच्या आतल्या कोपऱ्यात जातो आणि रंगाखाली दिसत नाही. टाच एकाच पोलादातून गरम वाकवलेली हवी. वापरात जाडी दहा टक्के झिजली, म्हणजे ४५ मिमीचा ४०.५ झाला, की फोर्क बाद.

लांबी १२०० मिमी घेतली तर दीड मीटरच्या गाडीची पलीकडची कड अधांतरी राहते. १५०० घ्या. फोर्क लांब करायला वरून चढवायची पोकळ बाही मिळते, पण ती आतल्या फोर्कच्या दीडपटीपेक्षा लांब नको आणि लॉक पिनशिवाय तर नकोच.

आता लावायचं कुठे. पुढे इंजिन असलेल्या छोट्या गाडीचा तोल पुढच्या चाकाच्या मध्यापासून साधारण ९५ सेंमी मागे असतो, म्हणजे पुढच्या दाराखाली. दोन फोर्कची मधली जागा तिथे आणा. गाडीच्या मधोमध लावलेत तर उचलताच पुढची बाजू खाली जाते. टेकू दाराखालच्या दुमडलेल्या पट्टीला द्या, जिथे जॅक लावतात. मधल्या पत्र्यावर भार आला तर सायलेन्सर, ब्रेकची आणि पेट्रोलची नळी चेपते. टाकी बहुतेक वेळा मागच्या सीटखाली असते, त्यामुळे मागचा फोर्क तिथवर जाता कामा नये.

लोखंडावर लोखंड घसरतं. फोर्कवर जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे टाका आणि गाडी चौकटीला रॅचेट बेल्टने बांधा. बऱ्याच चौकटींना बेल्ट अडकवायला कडीच नसते. उत्पादकांची ही मोठी चूक. आधी दहा सेंमी उचलून थांबा, तोल बघा, मग मागे झुकवा. गाडी जमिनीपासून ३० सेंमीवर, वेग चालण्याइतका, मागचा बूम (खोदायचा हात) मिटवून मधोमध. उतारावर गाडी चढाच्या बाजूला ठेवा, म्हणजे खाली येताना मशीन रिव्हर्समध्ये. हेल्परने गाडीला हात लावून ‘धरत’ चालणं बंद करा. सरकणारी आठशे किलोची गाडी हाताने थांबत नाही.

इलेक्ट्रिक गाडी फोर्कवर घेऊच नका. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांची बॅटरी तळाशीच असते आणि फोर्कचं टोक नेमकं तिथेच घुसतं. तिला चाकांखाली ट्रॉली लावून फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) ओढा.