जिओकॅशिंगला जाताना जीपीएस बाळगायचा कुठे? क्लिप, दोरी, पाऊच, सिलिकॉन कव्हर आणि पट्ट्यावरची टांगणी

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा (त्यालाच ‘कॅश’ म्हणतात) त्याच्या अक्षांश-रेखांशावरून, हातातल्या जीपीएस यंत्राने शोधायचा खेळ. तो खेळणाऱ्याचा जीपीएस फुटतो कमी, राहून जातो जास्त. पडद्यावर अंतर आठ मीटर, सहा मीटर असं उतरत येतं, बाण गरागरा फिरू लागतो, म्हणजे आता यंत्राचं काम संपलं आणि डोळ्यांचं सुरू झालं. मग यंत्र शेजारच्या दगडावर टेकवायचं, दोन्ही हात कपारीत घालायचे, डबा काढायचा, वहीत सही करायची, डबा होता तसा लपवायचा आणि खुशीत सॅक उचलून निघायचं. यंत्र दगडावरच. तेही बहुधा काळं किंवा करडं, म्हणजे सह्याद्रीच्या कातळावर पाच पावलांवरूनही दिसायचं नाही.

म्हणून कुठलंही कव्हर किंवा क्लिप बघताना आधी शेवटच्या तीस मीटरांचा विचार करावा. हात एका क्षणात मोकळे होतात का? यंत्र सोडलं तर ते कुठे जातं? झुडपात अडकलं तर आधी काय तुटेल: दोरी, यंत्र की मान? आणि चालताना अँटेनाला आकाश दिसतं का? बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वस्तू यातल्या एखाद्या प्रश्नावर पास होतात आणि दुसऱ्यावर सपशेल आपटतात.

अँटेनाचं आधी, कारण त्यावर बाकीचं ठरतं. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स २२एक्स, ३२एक्ससारख्या चपट्या यंत्रात अँटेना वरच्या भागात आडवी बसवलेली असते. पडदा आकाशाकडे करून तळहातावर धरलं की ती नीट काम करते. जीपीएसमॅप ६४, ६५, ६६ या मालिकेत वर बोटासारखा बाहेर आलेला भाग असतो, त्यात गुंडाळी अँटेना असते आणि ती उभी धरलेली बरी. जीपीएसचा मुख्य (एल१) सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि माणसाचं शरीर, म्हणजे बव्हंशी पाणी, तो शोषतं. यंत्र कमरेला लटकवलं की अर्धं आकाश तुमच्याच अंगाने झाकलं जातं. उघड्या पठारावर काही बिघडत नाही. दाट झाडीत किंवा घळीत मात्र मागचा ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, नागमोडी निघतो आणि कॅशजवळ पोचल्यावर अंतर स्थिर व्हायला वेळ लागतो.

आता एकेक प्रकार.

यंत्राच्या पाठीवरच्या खाचेत सरकवायची कॅराबिनरची, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कडीची, क्लिप ही सर्वात सोयीची आणि सर्वात जास्त विश्वास टाकली जाणारी वस्तू. इतका विश्वास टाकू नये. ती ईट्रेक्स, गार्मिनचाच टचस्क्रीनवाला ओरेगॉन आणि जीपीएसमॅप या तिन्हींच्या खाचेत बसते, ‘टक्’ आवाज करून अडकते, आणि एका बोटाने जीभ उचलली की सुटते. गोची इथेच आहे. कारवीच्या जंगलातून घुसताना, चिमणीतून, म्हणजे कातळातल्या उभ्या अरुंद फटीतून, चढताना किंवा सॅक भिंतीला घासताना ती जीभ बाहेरूनही उचलली जाते. यंत्र खाली सरकतं आणि क्लिप तेवढी पट्ट्यावर उरते. शिवाय हा कॅराबिनर प्लॅस्टिकचा असतो, चढाईच्या कॅराबिनरशी त्याचं फक्त आडनाव जुळतं. क्लिप जरूर वापरा, पण ती यंत्राचं घर समजा, साखळी नव्हे. साखळी वेगळी हवी.

गळ्यातली दोरी सगळ्यात स्वस्त आणि शहरातल्या कॅशसाठी उत्तमच. बागेत, पुलाच्या कठड्यापाशी, तळ्याकाठच्या बाकाखाली, जिथे चढउतार नाही तिथे याहून जास्त काही लागत नाही. डोंगरात मात्र २३० ग्रॅमचा जीपीएसमॅप ६६ वाकल्याबरोबर लंबकासारखा झुलतो आणि पहिला आपटतो तो पडदा. ईट्रेक्स बॅटऱ्यांसकट १४० ग्रॅमच्या आसपास असतो, त्यामुळे तो थोडा कमी त्रास देतो. खरा धोका आपटण्याचा नाही, अडकण्याचा आहे. घसरताना दोरी फांदीत अडकली तर फास मानेलाच बसतो. गळ्यात घालायचीच असेल तर ओढ बसली की सुटणारी प्लॅस्टिकची कळ असलेली दोरी घ्या. साधी दोरी असेल तर मानेमागे ती कापून मधे शिवणाच्या दोऱ्याचे दोनतीन वेढे टाका. झटका बसला की तो दोरा तुटतो. एक हात आत घालून शबनमसारखी तिरकी अडकवली तर झुलणं बरंच कमी होतं.

बेल्टचा पाऊच ही जुन्या मोबाइलच्या जमान्याची आठवण. कापडी किंवा निओप्रीनचा (मऊ रबरी कापडाचा) पाऊच यंत्राला मार लागू देत नाही, हे मान्य. पण काढघालीत वेळ जातो, आणि जे काढायला जिवावर येतं ते हातातच धरून ठेवलं जातं, पुढे दगडावर ठेवलं जातं. पारदर्शक खिडकीचा पाऊच तर मुळीच घेऊ नका: उन्हात प्लॅस्टिक पिवळं पडतं, आत घामाची वाफ धरते आणि ओरेगॉनसारख्या टचस्क्रीनला बोट नीट कळत नाही.

पाऊच घेताना एक गोष्ट दुकानातच तपासा, झाकणात चुंबक आहे का. मोबाइलच्या पाऊचना हल्ली सर्रास असतो. ईट्रेक्स ३२एक्स किंवा जीपीएसमॅप ६६ मध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असतं, ते अशा चुंबकाने बिघडतं आणि बाण भलतीकडे वळतो. मग माणूस उपग्रहांना शिव्या देतो. २२एक्समध्ये होकायंत्रच नाही, तो चालण्यावरून दिशा काढतो, त्यामुळे त्याला चुंबकाचं काही नाही. पण उभं राहिलं की त्याचा बाण तसाही भरकटतो. चुंबकी डब्यांच्या कॅश शोधणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावं: तो डबा आणि यंत्र एकाच खिशात ठेवू नये. दिशा चुकते आहे असं वाटलं तर मोकळ्यावर, गाडी आणि विजेच्या तारांपासून लांब जाऊन होकायंत्र पुन्हा जुळवा. बॅटऱ्या बदलल्यावरही हे करायचं असतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. यंत्र कातळावर ठेवून जुळवू नका. आपल्या बेसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं.

सिलिकॉनच्या कव्हराबद्दल मत दोन ऋतूंत दोन. कोरड्या दिवसांत ते फार कामाचं: पकड चांगली बसते, कडा वाचतात, आणि जुन्या यंत्राच्या कडेची रबरी पट्टी उन्हाने सुटू लागली असेल तर तीही जागेवर धरून ठेवतं. शिवाय भडक नारिंगी किंवा पिवळं मिळतं, म्हणजे दगडावर राहिलेलं यंत्र वळून पाहिलं तर दिसतं. पावसाळ्यात मात्र चिखल आणि पाणी कव्हराच्या आत शिरतं आणि तिथेच राहतं. वाळूचे कण सिलिकॉन आणि पडद्याच्या मधे अडकले की चालताना होणाऱ्या घासण्याने पडद्याला बारीक ओरखडे पडतात, आणि आपण समजत असतो की कव्हर पडदा वाचवतंय. पावसाळी ट्रेकहून आलं की कव्हर काढून, दोन्ही धुऊन, वेगवेगळी वाळवा. विकत घेण्याआधी हेही पाहा की कव्हराला पाठीमागे खाचेएवढी फट आहे की नाही. नसेल तर क्लिप बसणार नाही, आणि बॅटरी बदलायला दर वेळी कव्हर सोलून काढावं लागेल.

पाण्यासाठी वेगळी झिप पिशवी किंवा जलरोधक खोळ घ्यायची का? या यंत्रांना आयपीएक्स७ दर्जा आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. पावसाला ते पुरेसं आहे. पण हा दर्जा टिकतो तो बॅटरीच्या झाकणाची रबरी कड आणि यूएसबीची रबरी टोपी नीट बसलेली असेल तोवरच. कडेवर वाळूचा एक कण किंवा गवताची काडी अडकली की पाणी आत. भर पावसात बॅटरी बदलायचीच झाली तर छत्रीखाली बदला, कड अंगठ्याने पुसा, मग झाकणाची कडी पूर्ण फिरवा. यंत्र पाण्यात पडलं असेल तर पुसून, हवेवर वाळवून मगच केबल लावा. खोळीचा एक छुपा तोटा असा की कडक डब्यात यंत्र हवाबंद केलं तर वायुदाबावर चालणारा उंचीमापक फसतो. मऊ पिशवीत तेवढा नाही. उंचीमापकाचं बारीक छिद्र चिखलाने बुजलं तर पाण्याने धुवा, टाचणी घालू नका. होडीतून, खाडीत किंवा कयाकवर जाणाऱ्यांचं गणित वेगळं. ईट्रेक्स बुडतो. जीपीएसमॅप ७८ आणि ७९ मालिका तरंगते. तिथे खोळीपेक्षा यंत्रच तसं निवडावं, किंवा तरंगणारी दोरी लावावी.

आमची पसंती सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर. हे तयार मिळतंही, पण घरी केलेलं जास्त टिकतं. लागतं काय: तीन ते चार मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी ८० सेंटिमीटर, एक छोटा ॲल्युमिनियमचा कॅराबिनर, आणि एक उघड्या तोंडाचा जाळीचा खिसा. पाण्याच्या बाटलीसाठी पट्ट्यावर लावतात तसला छोटा खिसा चालतो. दोरीची टोकं लायटरने वितळवून घ्या, नाहीतर उसवतात. एक टोक यंत्राला: तळाशी दोरीचं भोक असेल तर त्यात, नसेल तर पाठीवरच्या क्लिपच्या कडीत न बांधता, खाचेत बसणाऱ्या वेगळ्या दोरीच्या पट्टीला. दुसरं टोक फिगर एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, गाठ मारून कॅराबिनरला, आणि कॅराबिनर सॅकच्या वरच्या हँडलला किंवा पट्ट्याच्या शिवलेल्या कडीला. नुसत्या बकलला नको, बकल सरकतं.

लांबी घालून बघूनच ठरवा. यंत्र हात लांब करून डोळ्यांसमोर धरता आलं पाहिजे, पण सोडल्यावर गुडघ्यापर्यंत जाता कामा नये. नाहीतर चढताना पायात येतं. गाठी मारल्यावर बहुतेकांना साठपासष्ट सेंटिमीटर पुरतात. खिसा छातीच्या वरच्या बाजूला, कॉलरबोनखाली. जीपीएसमॅप उभा ठेवा, अँटेना वर. ईट्रेक्स आत टाकताना पडदा बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंग पाठीमागे राहतं. कॅश जवळ आली की यंत्र काढायचं, बघायचं आणि सोडून द्यायचं. दगडावर ठेवायचा मोहच उरत नाही. तोटा एकच: सॅक उतरवली की यंत्रही तिच्याबरोबर गेलं. अरुंद कपारीत सॅक बाहेर ठेवून जायचं असेल तर कॅराबिनर काढून पँटच्या लूपला अडकवा. आपोआप गुंडाळणारा रिट्रॅक्टर दोरीऐवजी लावता येतो आणि तो फारच सुटसुटीत वाटतो. पण स्प्रिंग यंत्राच्या वजनाला पुरेल असाच घ्या, आणि चिखल गेला की तो अडतो हे धरून चाला.

पडद्याच्या संरक्षक फिल्मवर जास्त वेळ घालवायची गरज नाही. ईट्रेक्स २२एक्सचा पडदा साधारण ३.५ बाय ४.४ सेंटिमीटर, जीपीएसमॅप ६६ चा ३.८ बाय ६.३. मोबाइलच्या साध्या फिल्ममधून कापा, प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर कमी ठेवा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरे आधी उचलतात. मॅट नको, हे पडदे उन्हाच्या उजेडावरच वाचले जातात आणि मॅट फिल्म तोच उजेड खाते. काच तर नकोच.

डासांचं मलम लावलेल्या हातांनी यंत्र धरू नका. कीटक पळवणारी मलमं आणि स्प्रे प्लॅस्टिक खराब करतात, हा इशारा गार्मिनच्या पुस्तिकेतच असतो आणि कुणी वाचत नाही. परदेशात गोचिडीसाठी पायाला फवारे मारणाऱ्या मराठी मंडळींनी आधी हात पुसावेत. बर्फाच्या दिवसांत तिकडे आणखी एक बदल हवा: यंत्र पट्ट्यावर नको, जाकिटाच्या आतल्या खिशात, लिथियमच्या एए बॅटऱ्या घालून. थंडीत अल्कलाइन लवकर मान टाकतात. हातमोज्यांनी बटणं दाबता येतात, टचस्क्रीनशी मात्र भांडण होतं.

तिकडून सुट्टीला येणाऱ्यांना महत्त्वाचं: जीपीएसमॅप ६६आय, ६७आय किंवा इनरीच नावाचं काहीही सोबत आणू नका. ती उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आहेत आणि दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ती भारतात बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर अशा यंत्रापायी एका परदेशी प्रवाशाला अडवण्यात आलं होतं. हा नियम संदेश पाठवणाऱ्या यंत्रांसाठी आहे, ईट्रेक्स नुसता सिग्नल घेतो.

इतकं करूनही यंत्र राहिलंच, तर ते ज्याला सापडेल त्याला तुमचा पत्ता लागला पाहिजे. गार्मिनच्या बऱ्याच यंत्रांत ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये स्टार्टअप नावाची टेक्स्ट फाइल असते. यंत्र संगणकाला जोडा, ती उघडा, संदेश किती सेकंद दिसावा तो आकडा शून्याऐवजी पाच करा आणि खाली मोबाइल नंबर लिहा. यंत्र सुरू केलं की तो दिसतो. तोच नंबर बॅटरीच्या झाकणाच्या आत कायमच्या शाईने लिहा, कारण बॅटऱ्या संपलेलं यंत्र काहीच दाखवत नाही. आणि नंबर बदलला की दोन्ही ठिकाणी बदला.