पित्ताशयाच्या ऑपरेशनला अँटिबायोटिक: एक इंजेक्शन, पाच दिवस की काहीच नको?

फोंड्याच्या माझ्या आत्याचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, तेव्हा घरी जाताना पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले, साधी पेजही पोटात ठरेना. जखमा पहिल्यापासून कोरड्याच होत्या. गोळ्या कशासाठी, हे आम्ही कुणी विचारलंच नाही. गोव्यात बांबोळीला, म्हापशाला, मडगावला सरकारी इस्पितळात किंवा खासगीत ज्यांची तारीख ठरलीय, त्यांनी तरी विचारावं, म्हणून लिहितेय.

खडे आहेत, पण ताप नाही, कावीळ नाही, मधुमेह नाही, अशांसाठी तुलना एवढीच: संसर्ग होऊ नये म्हणून ऑपरेशनआधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन घ्यायचं की नाही. अमेरिकी तज्ज्ञ संस्थांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, दुर्बिणीच्या अशा कमी धोक्याच्या ऑपरेशनला गरज नाही. उलट जपानमध्ये १,०३७ रुग्णांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जखमेचा संसर्ग अँटिबायोटिक मिळालेल्यांत ०.८ टक्के आणि न मिळालेल्यांत ३.७ टक्के निघाला. त्यामुळे देणारा सर्जन चुकला असं मी म्हणणार नाही, न देणाराही नाही.

मधुमेह, सत्तरीपुढचं वय, महिन्याभरात येऊन गेलेली कळ, कावीळ, सुजलेलं पित्ताशय किंवा पोट उघडून करायचं ऑपरेशन असेल, तर मात्र इंजेक्शन घ्यावंच. सहसा सेफाझोलिन हे अँटिबायोटिक, मोठ्या माणसाला २ ग्रॅम, शिरेतून, चीर देण्याआधीच्या तासाभरात. चाकू लागतो त्या क्षणी औषध मांसात पोचलेलं हवं, सगळी गोम तिथंच आहे. वॉर्डात सकाळी टोचून दुपारी नंबर लागला, तर उपयोग ओसरतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. ऑपरेशन चालू असताना पित्ताशयाची पिशवी फुटून पित्त सांडलं तरी धोका वाढतो, आणि ते आधी कळत नाही. म्हणून बरेच सर्जन सगळ्यांनाच एक डोस देतात. मला ते पटतं.

घरी नेऊन पाच दिवस घ्यायच्या गोळ्या मात्र पटत नाहीत. फ्रान्समध्ये पित्ताशय सुजलेल्या, पण फार गंभीर नसलेल्या ४१४ रुग्णांवर चाचणी झाली. ऑपरेशननंतर पाच दिवस औषध चालू ठेवलेल्यांत संसर्ग १५ टक्के, थांबवलेल्यांत १७ टक्के. म्हणण्यासारखा फरक नाही. पित्ताशय सडलं किंवा फुटलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं औषध प्रतिबंध नसतो, उपचारच असतो.

आणि एक संसर्ग असा आहे, ज्याला यातला कुठलाच पर्याय आवरत नाही. सगळं बरं झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या छिद्रापाशी गाठ येते, पाणी झिरपतं, नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. हे क्षयरोगाच्या जंतूंचे चुलतभाऊ. पाण्यात राहतात, आणि दुर्बिणीची उपकरणं रसायनात घाईघाईनं बुडवून नळाखाली धुतली की पोटात पोचतात. म्हणून अँटिबायोटिकइतक्याच आग्रहानं विचारा: उपकरणं ऑटोक्लेव्ह करता का, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करता का? आणि अशी गाठ आलीच, तर फार्मसीतून पुन्हा गोळ्या आणू नका. सर्जनकडे जा, तिथला स्राव कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवा म्हणून सांगा, आणि या जंतूंसाठी वेगळी तपासणी लागते हेही बोला.