पर्यायी अर्थव्यवस्थेचा नकाशा: गूगल, ओपनस्ट्रीटमॅप की स्वतःची यादी?

सहकारी संस्था, बियाणे बँका, दुरुस्ती केंद्रं, टाइम बँका (पैशांऐवजी एकमेकांना दिलेल्या तासांचा हिशेब ठेवणारे गट), सामुदायिक स्वयंपाकघरं... नफ्यापेक्षा परस्परांच्या आधारावर चालणाऱ्या अशा गोष्टी एका नकाशावर आणायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत वाद होतो तो सॉफ्टवेअरवरून. खरं तर आधी ठरवायला हवं ते हे: माहिती राहणार कोणाकडे, आणि दोन वर्षांनी ती दुरुस्त कोण करणार? खालचे पर्याय याच कसोटीवर लावून पाहिले आहेत.

गूगल माय मॅप्स सगळ्यात झटपट. स्प्रेडशीट टाकली की खुणा दिसू लागतात, एका नकाशात १० थर मिळतात. एखाद्या मेळाव्यासाठी किंवा निधी मागताना दाखवायला नकाशा हवा असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही. मात्र संपादन करायला गूगल खातं लागतं, आणि ज्याच्या खात्यावर नकाशा आहे तो माणूस गटातून बाहेर पडला की पंचाईत होते. त्याहून मोठी अडचण परवान्याची आहे. गूगलच्या नकाशावरून उचललेले पत्ते आणि खुणा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या जागतिक नकाशात, चालत नाहीत. म्हणजे ‘आधी गूगलवर करू, मग खुल्या नकाशात नेऊ’ हा बेत बऱ्याचदा पहिल्या दिवशीच फसलेला असतो.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. २०१२ पासून त्याची माहिती ओडीबीएल या खुल्या परवान्याखाली आहे. प्रत्येक बदल कोणी, कधी केला याची नोंद राहते. तुमचा गट उद्या विखुरला तरी खुणा तिथेच राहतात, आणि एखादं ठिकाण बंद झालेलं दिसलं तर तुमच्याशी काडीचा संबंध नसलेला माणूसही ती खूण काढू शकतो. माझ्या लेखी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. इथल्या खुणांना टॅग, म्हणजे ते ठिकाण कसलं आहे हे सांगणारे ठरावीक शब्द, लावतात, आणि आपल्या कामाचे बरेच टॅग आधीपासून आहेत: नको असलेल्या वस्तू ठेवून जायची पेटी म्हणजे ‘गिव्ह बॉक्स’, उरलेलं अन्न वाटून घ्यायची जागा म्हणजे ‘फूड शेअरिंग’, सार्वजनिक पुस्तकपेटी म्हणजे ‘पब्लिक बुककेस’. दुकानात फेअर ट्रेड (उत्पादकाला रास्त मोबदला देणारा) माल मिळतो का, सेंद्रिय मिळतो का, हेही टाकता येतं. २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झालेल्या रिपेअर कॅफेंच्या (लोकांनी एकत्र येऊन वस्तू दुरुस्त करायच्या जागांच्या) धर्तीवरचं केंद्र महिन्यातून एकदाच उघडत असेल, तर वेळेच्या रकान्यात ‘दर महिन्याचा पहिला रविवार’ हे ठरलेल्या संकेतात लिहायची सोय आहे.

जे टाकता येत नाही ते महत्त्वाचं. जागेवर जाऊन कोणालाही पडताळता येईल तेवढंच टाकायचं, हा तिथला नियम. ‘इथे निर्णय खरोखर सगळे मिळून घेतात’ याला जागा नाही. ज्या टाइम बँकेला कार्यालयच नाही, जी फक्त सभासदांच्या आपसातल्या तासांच्या हिशेबावर चालते, तिची खूण लावायची तरी कुठे?

ही उणीव स्वतःच्या यादीने भरून निघते. जर्मनीत सुरू झालेल्या ‘कार्टे फॉन मॉर्गन’ या ऑनलाइन नकाशावर कोणीही नोंद घालू शकतो, आणि पारदर्शकता, एकजूट अशा निकषांवर इतरांना मतही देता येतं. फ्रान्समधलं ‘गोगोकार्टो’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात रकाने तुम्ही ठरवता आणि नवी नोंद घ्यायची की नाही हे सभासद मतदानाने ठरवू शकतात. अशा चळवळीला शोभणारीच पद्धत, पण ती राबवायला माणसं लागतात. ब्राझीलचं उदाहरण बघा. तिथे २००३ साली श्रम मंत्रालयात एकजूट अर्थव्यवस्थेसाठी, म्हणजे अशाच परस्परांच्या आधारावरच्या उपक्रमांसाठी, स्वतंत्र सचिवालय झालं, देशभर प्रत्यक्ष भेटी देऊन नोंदी झाल्या आणि २००७ पर्यंत सुमारे २२ हजार उपक्रम यादीत आले. त्यामागे सरकारचा पैसा आणि यंत्रणा होती. हौशी गटाने तेवढ्याच बारकाव्याची प्रश्नावली बनवली, तर निम्मे रकाने रिकामेच राहतात.

लोकांनी पाठवलेल्या नोंदी नकाशावर दाखवणाऱ्या उशाहिदी या सॉफ्टवेअरचं नाव अशा बैठकांत हमखास निघतं. केनियात २००८ मध्ये निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराच्या नोंदींसाठी ते बनलं. ‘काय घडलं, कधी, कुठे’ हा त्याचा साचा. आपत्तीतल्या मदतीसाठी उत्तम, कायमच्या यादीसाठी नाही.

तेव्हा माझा कौल असा. पाच-सात जणांचा बिनपगारी गट असेल तर पडताळता येणारं सगळं ओपनस्ट्रीटमॅपवर टाका आणि दाखवायला यूमॅप वापरा; ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारे स्वतःचा नकाशा बनवायचं ते ऑनलाइन साधन आहे. त्यात ओव्हरपासची (ओपनस्ट्रीटमॅपमधून हव्या त्या खुणा शोधून देणाऱ्या सेवेची) क्वेरी दिली की मूळ नकाशातले बदल तुमच्या नकाशात आपोआप येतात. मूल्यमापन, संपर्काचा माणूस, पत्ता नसलेले उपक्रम हे वेगळ्या शीटमध्ये ठेवा. दोन्हीची सरमिसळ नको, कारण ओपनस्ट्रीटमॅपची माहिती मिसळून बनवलेला डेटाबेस लोकांसमोर ठेवला की तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. शीटमध्ये फक्त त्या खुणेचा ओपनस्ट्रीटमॅपमधला क्रमांक लिहून थांबू नका. कोणी बिंदू पुसून त्या जागी इमारतीचा आकार काढला की क्रमांक बदलतो, म्हणून नाव आणि अक्षांश-रेखांशही ठेवा. पगारी माणूस किंवा संस्थांचं भक्कम जाळं पाठीशी असेल, तर मात्र गोगोकार्टोसारखी स्वतःची यादी जरूर करा.

कुठलाही पर्याय घेतला तरी घरातून चालणारे उपक्रम विचारल्याशिवाय टाकू नका. नोंदणी नसलेल्या स्वयंपाकगटाला किंवा स्थलांतरितांच्या बचत मंडळाला नकाशावर दिसणं महागात पडू शकतं. त्यांनी नको म्हटलं तर शीटमध्येही पत्ता ठेवू नका. आणि एकदा ओपनस्ट्रीटमॅपवर गेलेली खूण पुसली तरी इतिहासात उरते, हे त्यांना विचारतानाच सांगा.